दोन कथा शेजारी ठेवून वाचायच्या कशा : लॉरेन्सची शेवंती आणि मॅन्सफील्डच्या लिली

इंग्रजी साहित्य नव्याने वाचायला घेतलेल्यांचा एक प्रश्न हमखास येतो. दोन कथांची तुलना करा म्हणतात, पण म्हणजे नेमकं करायचं काय? बहुतेक जण वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारतात, एकीकडे साम्य, एकीकडे फरक, आणि मग "दोन्हीत मृत्यू आहे", "दोन्हीत गरीब-श्रीमंत आहे", "एकाची भाषा सोपी, दुसऱ्याची अवघड" असं भरत जातात. पान भरतं पण कथा हाताला लागत नाही. माझं म्हणणं एवढंच की तुलना विषयापासून सुरू करू नका, एखाद्या प्रसंगापासून करा. दोन्ही कथांत जवळपास सारखाच घडणारा एक प्रसंग शोधा आणि तिथे लेखक कुठे उभा आहे ते बघा. बाकीचं आपोआप सुटत जातं.

हे नुसतं बोलून कळणार नाही म्हणून एक जोडी घेऊनच करूया. काळ साधारण १९१० ते १९२५, म्हणजे ब्रिटनमध्ये कथा बदलत होती तो काळ. "मग पुढे काय झालं" याच्यापेक्षा "त्या क्षणी आत काय झालं" याला महत्त्व यायला लागलं होतं. (आपल्याकडे नवकथेची चर्चा १९४५ नंतर रंगली, गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले वगैरे, ती वाचलेल्यांना इथलं बरंचसं ओळखीचं वाटेल.)

पायरी १ : जोडी निवडा

डी. एच. लॉरेन्सची 'ओडर ऑफ क्रिसॅन्थेमम्स' आणि कॅथरीन मॅन्सफील्डची 'द गार्डन पार्टी'. क्रिसॅन्थेमम म्हणजे आपली शेवंती, तेव्हा पहिलीचं नाव शेवंतीचा वास असं समजा.

ही जोडी का, तर दोन्ही कथांत एक कष्टकरी माणूस अपघातात मरतो, त्याचं प्रेत घरी आणलं जातं आणि एक बाई किंवा मुलगी त्या प्रेतासमोर उभी राहते. जोडी निवडताना अशी ठोस गोष्ट हवी. "दोघंही थोर लेखक आहेत" हे जोडी लावायला पुरेसं कारण नाही.

दोन्ही प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. लॉरेन्सची 'द प्रशियन ऑफिसर अँड अदर स्टोरीज' या संग्रहात, मॅन्सफील्डची 'द गार्डन पार्टी' याच नावाच्या १९२२ च्या संग्रहात. एक काळजी मात्र घ्या. लॉरेन्सची कथा आधी १९११ मध्ये 'इंग्लिश रिव्ह्यू' मासिकात आली आणि १९१४ ला पुस्तकात घेताना त्याने शेवट बराच बदलला. त्यामुळे तुम्ही एक रूप वाचलंय आणि मित्राच्या नोट्स दुसऱ्या रूपावर आहेत असं होऊ शकतं. आपण १९१४ चंच धरतोय.

पायरी २ : आधी नुसतं वाचा

पेन्सिल बाजूला ठेवा. दोन्ही कथा एकेका बैठकीत संपतात. लॉरेन्स वाचताना नवे लोक अडखळतात ते बोलीमुळे, कारण खाणकामगार आणि त्यांच्या बायका नॉटिंगहॅमशायरच्या ठसक्यात बोलतात आणि लॉरेन्स ते जसंच्या तसं उतरवतो. डिक्शनरी उघडून काही होणार नाही, ती वाक्यं मोठ्याने वाचा, कानाला अर्ध्याहून जास्त कळतं. लिब्रिवॉक्स या मोफत ऑडिओ-पुस्तकांच्या संकेतस्थळावर ऑडिओही मिळेल. आणि ऐकताना हे टिपून ठेवा की कथेतली नायिका एलिझाबेथ तशी बोलत नाही, तिची इंग्रजी शेजाऱ्यांपेक्षा आणि सासूपेक्षा जास्त प्रमाण आहे. म्हणजे ती त्या वस्तीत राहूनही थोडी वेगळी आहे, आणि हे लॉरेन्स कुठेही वेगळं सांगत बसत नाही.

पायरी ३ : दोन्ही कथा चार-चार वाक्यांत लिहा

स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहिलंत तरी चालेल. मी असं लिहीन.

लॉरेन्स : खाणकामगाराची बायको एलिझाबेथ बेट्स संध्याकाळी नवऱ्याची वाट बघतेय, दोन पोरं आहेत, तिसरं पोटात आहे. नवरा दारूच्या गुत्त्यात बसलाय असं धरून ती चिडचिड करते. रात्री कळतं की तो खाणीत दरड कोसळून आत अडकला आणि गुदमरून गेला. प्रेत घरी आणतात, ती आणि सासू मिळून ते धुतात, आणि तेव्हा तिला कळतं की या माणसाला आपण कधी ओळखलंच नाही.

मॅन्सफील्ड : शेरिडन या श्रीमंत कुटुंबाच्या घरी बागेत पार्टीची तयारी चाललीय. जवळच्या गरीब वस्तीतला गाडीवान स्कॉट अपघातात गेल्याची बातमी येते, धाकटी लॉरा म्हणते पार्टी थांबवूया, घरचे ऐकत नाहीत. पार्टी झोकात होते. मग उरलेलं खाणं टोपलीत भरून लॉराला त्या घरी पाठवतात आणि तिथे ती मेलेल्या माणसाला बघते.

हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण लिहिताना तुम्ही काय गाळलंत तेही महत्त्वाचं असतं. मी स्वतः वर मॅन्सफील्डच्या कथेतल्या विधवेला गाळलंय. तिच्याकडे शेवटी येऊ.

पायरी ४ : पहिलं वाक्य, आणि कोण बोलतंय

आता पेन्सिल घ्या. लॉरेन्स सुरुवात करतो एका छोट्या इंजिनापासून, चार नंबरचं इंजिन सात भरलेले डबे घेऊन खडखडत, ठेचकाळत सेल्स्टनकडून खाली येतंय. इंजिनाचा नंबर माहीत, डबे किती ते माहीत, गावाचं नाव माहीत. सांगणारा लांब उभा आहे, सगळं मोजून सांगतोय, आणि त्या इंजिनाला वाट द्यायला एक बाई टोपली सांभाळत कुंपणाला खेटून उभी राहते, डबे आणि कुंपण यांच्यात अडकलेली. ही बाई कथेत पुन्हा येत नाही. पण पुढे येणाऱ्या एलिझाबेथचं सगळं आयुष्य त्या चित्रात आलेलं आहे.

मॅन्सफील्डचं पहिलं वाक्य "आणि" ने सुरू होतं. आणि शेवटी हवा अगदी हवी तशीच होती, अशा अर्थाचं. हे कोण म्हणतंय? निवेदक म्हणतोय असं वाटतं, पण हा सूर त्या घरातल्या माणसांचा आहे, दोन-तीन दिवस आभाळाकडे बघत काळजी केलेल्या यजमानांचा. म्हणजे आपण घरात शिरलो तेव्हा बोलणं आधीच चालू होतं. आवाज निवेदकाचा आणि विचार पात्राचा, ही युक्ती मॅन्सफील्ड पूर्ण कथाभर वापरते, आणि ती ओळखता यायला लागली की या काळातल्या निम्म्या कथा सोप्या होतात. ओळखायची कशी, तर वाक्य वाचा आणि विचारा की हे असं फक्त कोण म्हणेल? "शेरिडनांच्या पार्टीला गुलाबच शोभतात, लोकांना तेच कळतात" अशा धाटणीचं वाक्य कुठलाही तटस्थ निवेदक म्हणणार नाही, ते शेरिडनच म्हणणार.

याच पायरीत एक गोष्ट सापडते जी मला फार आवडते. दोन्ही कथांत घोडा आहे आणि इंजिन आहे. लॉरेन्समध्ये इंजिनाच्या आवाजाने एक शिंगरू दचकतं पण झपाझप पळत इंजिनाला मागे टाकतं. मॅन्सफील्डमध्ये रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या इंजिनाला घोडा बुजतो, स्कॉट गाडीतून डोक्यावर आपटतो आणि जातो. एकाने दुसऱ्याचं घेतलं असं मी म्हणत नाहीये. पण शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसलं नसतं, आणि दिसल्यावर प्रश्न पडतो की लॉरेन्सने इंजिन पहिल्या वाक्यात आणि मॅन्सफील्डने ते एका वाक्यात ओझरतं का ठेवलं. माझं उत्तर असं की लॉरेन्सच्या माणसांचं जगणंच त्या इंजिनाच्या आवाजात आहे, तर शेरिडनांच्या घरी इंजिन फक्त बातमी म्हणून येतं. तीही कुठे येते बघा, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, क्रीम पफ घेऊन आलेल्या दुकानाच्या माणसाकडून, लॉराने बोटांवरचं क्रीम नुकतंच चाटलेलं असताना.

पायरी ५ : वस्तू धरा

नवीन वाचकाला थीम शोधायला लावलं की तो घाबरतो, म्हणून वस्तू शोधा. इथे फुलं घेऊ.

लॉरेन्सची शेवंती. एलिझाबेथच्या अॅप्रनच्या पट्ट्यात शेवंतीची डहाळी असते, मुलगी अॅनी वास घेऊन म्हणते किती छान, आणि एलिझाबेथ म्हणते मला नाही छान वाटत. लग्न झालं तेव्हा शेवंती होती, मुलगी झाली तेव्हा शेवंती होती, आणि नवऱ्याला पहिल्यांदा दारू पिऊन घरी आणलं तेव्हा त्याच्या कोटाच्या काजात तपकिरी शेवंती होती. म्हणजे ते फूल तिच्या संसाराचा हिशेब आहे. पुढे प्रेत आत आणताना एका माणसाचा धक्का लागून शेवंतीची फुलदाणी पडते आणि फुटते. आणि आता नीट बघा, एलिझाबेथ नवऱ्याकडे बघत नाही. खोलीत शिरायला जागा झाल्याबरोबर ती आधी फुटलेल्या काचा आणि फुलं उचलते. आपल्या घरातल्या बायका आठवा, कितीही मोठं संकट येवो, हात आधी पसाऱ्याकडे जातो. लॉरेन्सने ते पाहिलेलं होतं.

मॅन्सफील्डच्या लिली. सकाळी दारात गुलाबी कॅना लिलीच्या कुंड्यांचा ट्रे येऊन पडतो, मग आणखी येतात, कारण मिसेस शेरिडनना आयुष्यात एकदा तरी मन भरेल इतक्या लिली हव्या होत्या. संध्याकाळी स्कॉटच्या घरी टोपली पाठवताना त्या म्हणतात आरम जातीच्या लिलीही घेऊन जा, त्या वर्गातल्या लोकांना अशा फुलांचं फार अप्रूप असतं. लगेच दुसरी मुलगी जोस म्हणते देठांनी लॉराचा लेसचा फ्रॉक खराब होईल. झालं, लिली राहिल्या, नुसती टोपली गेली.

आता दोन्ही शेजारी ठेवा. एका घरात फूल इतकं आयुष्यात मुरलंय की त्याचा वासही नकोसा झालाय, दुसऱ्या घरात फूल म्हणजे विकत आणलेली हौस, आणि मेलेल्या माणसाच्या दारापर्यंत ते पोचतही नाही, फ्रॉक जपायचा म्हणून. यातलं एकही वाक्य "वर्गभेद आहे" असं म्हणत नाही. तुम्हीही ते एकदम म्हणू नका, फुलांवरून तिथपर्यंत या.

अशीच लॉराची टोपी घ्या, सोनेरी डेझी लावलेली काळी टोपी. पार्टी थांबवा म्हणून ती आईकडे जाते, माणूस मेला हे ऐकून आईचा पहिला प्रश्न असतो, आपल्या बागेत तर नाही ना, आणि मग आई स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर घालते. लॉरा आरशात बघते आणि तिथेच तिचा विरोध संपतो, पार्टीनंतर आठवू असं ठरवून. गल्लीत मयत झाली तर वरातीचा बँडसुद्धा तिथून जाताना बंद करतात हे बघत मोठ्या झालेल्या वाचकाला लॉराची तगमग लगेच कळेल. पण आईला सरळ दुष्ट ठरवून मोकळं होऊ नका, मॅन्सफील्डने तिला दुष्ट केलेलं नाही, तिला ते सुचतच नाही एवढंच दाखवलंय आणि ते जास्त बोचतं.

पायरी ६ : तो प्रसंग

आता प्रेतापाशी या. इथे घाई नको, लागलं तर दोन दिवस घ्या.

दोन्ही ठिकाणी अंगावर जखम दिसत नाही. स्कॉटच्या घरची बाई चादर खाली करून लॉराला सांगते की काही दिसत नाही, अगदी चित्रासारखा दिसतोय. एलिझाबेथच्या नवऱ्याबद्दल, वॉल्टर बेट्सबद्दलही सांगितलं जातं की दरडीने त्याला स्पर्शही केला नाही, फक्त आत कोंडला. म्हणजे दोन्ही प्रेतं शांत, देखणी. इथपर्यंत सारखं आहे, आणि इथूनच दोन लेखक वेगळ्या वाटेने जातात.

लॉरा बघते आणि तिला तो झोपलेला, स्वप्नात हरवलेला, सुंदर वाटतो. पार्टी, टोपल्या, लेसचे फ्रॉक याच्याशी त्याला काय घेणं. तिला हुंदका येतो आणि ती त्याला म्हणते, माझ्या टोपीबद्दल माफ कर. बस, एवढंच, मग ती बाहेर पडते, वाटेत भाऊ लॉरी भेटतो, ती म्हणायला जाते की आयुष्य किती… आणि पुढचा शब्द सापडत नाही.

एलिझाबेथला निघून जाता येत नाही, कारण हे तिचंच घर आहे. तिला कपडे काढायचेत, चेहरा पुसायचाय, अंग धुवायचंय. संध्याकाळी रागाच्या भरात ती म्हणाली होती, खाणीच्या मळक्या अंगाने आला तर मी धुणार नाही, पडू दे जमिनीवर. आता तो जमिनीवर आहे आणि ती धुतेय. हात त्याच्या अंगावर फिरत असताना तिला कळतं की ज्याच्याशी आपण इतकी वर्षं भांडलो तो माणूस आपण मनात बनवलेला होता, खरा हा नव्हता. शेजारी सासू रडतेय, तिला आपलं लेकरू दिसतंय. एलिझाबेथला परका माणूस दिसतोय.

एकीला मरण सुंदर दिसतं कारण ती पाहुणी आहे. दुसरीला मरण खरं दिसतं कारण तिला ते धुवायचं आहे. माझ्या मते या तुलनेचा गाभा इथे आहे. तुम्हाला दुसरं काही सापडेल, जरूर सापडू दे, पण या दोन प्रसंगांतल्या शब्दांवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

पायरी ७ : आता कुठे लेखकाची माहिती

बरेच जण निबंधाची सुरुवात जन्मसालाने करतात. ते आधी नको, आत्ता वाचा, म्हणजे उपयोगी पडेल. लॉरेन्स १८८५ चा, ईस्टवुड गावातल्या खाणकामगाराचा मुलगा, कथेतली ब्रिन्सली खाण खरी, आणि त्याचा एक काका त्याच खाणीत गेला होता. मॅन्सफील्ड १८८८ ची, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या सधन घरातली, १९०८ पासून तिचा मुक्काम मुख्यतः इंग्लंड-युरोपात. म्हणून 'गार्डन पार्टी' वाचताना इंग्लंड डोळ्यासमोर येत असलं तरी ते इंग्लंड नाही. खूण हवी असेल तर कराका झाडं बघा, ती न्यूझीलंडची. मांडव घालायला जागा हवी म्हणून नेमकी तीच झाडं झाकली जातात आणि लॉराला त्याची हळहळ वाटते.

दोघं एकमेकांना चांगले ओळखत होते. १९१४ मध्ये लॉरेन्सच्या लग्नाला मॅन्सफील्ड हजर होती, १९१६ मध्ये कॉर्नवॉलमध्ये काही काळ शेजारी राहिले. ती क्षयाने १९२३ ला गेली, वयाच्या ३४ व्या वर्षी. लॉरेन्सही क्षयानेच, १९३० ला. ही माहिती वाचून वाईट वाटतं, पण निबंधात ती एक-दोन वाक्यांपेक्षा जास्त नको.

पायरी ८ : लिहायला बसा

आधी लॉरेन्सची तीन पानं आणि मग मॅन्सफील्डची तीन पानं असं लिहू नका, ते दोन वेगळे निबंध होतात. एक वस्तू किंवा एक प्रसंग घ्या, एकाच परिच्छेदात दोघांना आणा. पहिलं वाक्य असं असावं की त्यावर कोणी हरकत घेऊ शकेल. "दोन्ही कथांत मृत्यूचे चित्रण आहे" यावर कोण हरकत घेणार? "मॅन्सफील्ड आपल्याला मेलेल्या माणसापेक्षा लॉराच्या टोपीजवळ जास्त वेळ ठेवते, आणि तेच तिचं म्हणणं आहे" यावर भांडता येतं, म्हणून ते चांगलं. परिच्छेदात कथेतला एक तरी शब्द, एक तरी कृती हवीच. कथानक पुन्हा सांगत बसू नका, वाचणाऱ्याने कथा वाचलीय असं धरा.

आणि लिहून झाल्यावर मागे राहिलेल्या त्या विधवेकडे जा. स्कॉटच्या घरात ती चुलीपाशी बसलेली आहे, रडून चेहरा सुजलाय, लाल झालाय, आणि टोपली घेऊन आलेली ही मुलगी आपल्या घरात का उभी आहे हे तिला कळतच नाही. मॅन्सफील्ड तिला काही ओळी देते आणि लॉराच्या घाबरलेल्या नजरेतूनच दाखवते. लॉरेन्सची कथा वाचून झाल्यावर ही ओळ परत वाचली की अंगावर येते, कारण त्या सुजलेल्या चेहऱ्याच्या आत काय चाललं असू शकतं ते आपण एलिझाबेथबरोबर नुकतंच पाहिलेलं असतं. एक कथा दुसऱ्या कथेचं बंद दार उघडते. तुलना करायची ती यासाठी.

पुढची जोडी

हे जमलं की बागेची जोडी घ्या. व्हर्जिनिया वुल्फची 'क्यू गार्डन्स', १९१९ ची, तिच्या आणि नवऱ्याच्या होगार्थ प्रेसने छापलेली, आणि मॅन्सफील्डची 'मिस ब्रिल', १९२० ची. (याच होगार्थ प्रेसने १९१८ मध्ये मॅन्सफील्डची 'प्रील्यूड' छापली होती, आणि तिच्या मृत्यूनंतर वुल्फने डायरीत लिहून ठेवलं की हेवा वाटला तो फक्त हिच्याच लिखाणाचा.) वुल्फच्या कथेत निवेदन फुलांच्या वाफ्यात गोगलगायीच्या उंचीवर बसलेलं आहे आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचं बोलणं तुटक तुटक ऐकू येतं. मॅन्सफील्डच्या कथेत एकटी राहणारी एक बाई दर रविवारी फ्रान्समधल्या एका सार्वजनिक बागेत येऊन असंच लोकांचं बोलणं ऐकते, आणि त्या दिवशी एक तरुण जोडपं नेमकं तिच्याबद्दलच बोलतं. दोन्ही कथांत प्रत्येक संवादापाशी थांबून समासात एवढंच लिहा की हे बोलणं कोणाच्या कानावर पडलं आणि ऐकणाऱ्याचं त्याने काय झालं. मग वरच्या पायऱ्या चौथीपासून पुन्हा करा.